हॅम-चीज रोल आणि आईची माळ

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचा मुलगा पुण्याहून येताना बर्फाच्या डब्यात घालून हॅमची दोन पाकिटं घेऊन आला. त्यातलं एक त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, तुमच्याकडं ओव्हन आहे, तुम्हीच करा काहीतरी. आमच्या बिल्डिंगमधल्या आम्ही चौघीजणी रविवारी दुपारी एकमेकींकडे जमतो. बाकीच्या भजी करतात, पाणीपुरी करतात. माझी पाळी आली की काहीतरी नवीन हवं, असा माझा हट्ट असतो. नोकरी करूनही मी घरात कमी पडत नाही, हे दाखवायची मला भारी हौस.

हॅम म्हणजे डुकराचं मांस. हे बाकीच्या तिघींनाही माहीत होतं. मला ते किती जवळून माहीत आहे, हे मात्र त्या बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीच्या बाहेर, ओढ्यापलीकडे आमची वस्ती. वडील खाणीत दगड फोडायचे आणि आई डुकरं पाळायची. जात मी इथं लिहीत नाही. आमच्या भागातल्या माणसाला ती सांगावी लागणार नाही, आणि न सांगायची सवय मला अशी लागली आहे की कागदावरही हात अडतो. आडनाव आमचं चारचौघांसारखं, त्यावरून काही कळत नाही. त्या आडनावाच्या आडोशानं मी नोकरी केली, फ्लॅट घेतला. शाळेत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. घरी डुक्कर कापलं की दुसऱ्या दिवशी मी राखेनं हात घासून घासून शाळेत जायचे, तरी शेजारची मुलगी नाक मुरडून बाकाच्या टोकाला सरकायची. लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात ते मांस कधी शिजलं नाही. नवरा आमच्यातलाच. त्याला खायची इच्छा झाली की तो भावाकडे जाऊन खाऊन येतो आणि घरी आल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

नेमकी त्या आठवड्यात आई माझ्याकडे होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, चुलीच्या धुरात बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून मी तिला ठेवून घेतलं होतं. घरात आमची वेगळी बोली आहे. पण फ्लॅटच्या भिंती पातळ, म्हणून ती इथं आली की मी तिला मराठीतच बोलायला लावते. तीही बिचारी मी लावते तसं बोलते.

रोल करायला तसं काहीच अवघड नाही. बेकरीतल्या पॅटिसला असतात तसल्या पापुद्र्यांच्या तयार मैद्याच्या पोळ्या आता मॉलच्या फ्रीजरमध्ये मिळतात. त्या जरा मऊ होऊ द्यायच्या, त्यावर मोहरीचा सॉस फासायचा, हॅमचा काप, त्यावर चीजचा काप, वळकटीसारखं गुंडाळायचं, तुकडे पाडायचे, वरून अंडं लावून ओव्हनमध्ये ढकलायचं. मोबाईलवरच्या बाईनं हसत हसत केलं होतं. तिच्या गावाला सोलापूरचं ऊन नसावं. माझी पोळी ओट्यावर टाकेपर्यंत लिबलिबीत होऊन चिकटली. मी चिडचिड करत ती उलथन्यानं सोडवली, पुन्हा फ्रीजमध्ये घातली, पुन्हा काढली. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि हे सगळं चष्म्याआडून बघत होती.

पहिला ट्रे तापला, चीज वितळून कडेनं फसफसायला लागलं, आणि आईनं मान वर केली. तिला तेव्हा नीट दिसत नव्हतं, पण नाकाला काही झालेलं नव्हतं.

"डुक्कर हाय की गं," ती म्हणाली.

तिचा चेहरा असा खुलला की मला तिच्याकडं बघवेना. तिला वाटलं, मी तिच्यासाठी केलंय. एवढ्या वर्षांनी लेकीच्या घरात आपलं शिजतंय, असं तिला वाटलं असणार. ती मोठ्या हौसेनं सांगायला लागली, वडील काटक्यांच्या जाळावर कसं भाजून घ्यायचे, कातडी कशी खरवडायचे, कुठला तुकडा मला आवडायचा. मी तिला गप्प केलं. आवाज चढवून नाही, पण गप्पच केलं. बायका येणार आहेत, त्यांच्यासमोर यातलं काही बोलू नको, याला हॅम म्हणतात, असं सांगितलं.

तिनं विचारलं, "त्यास्नी ठाव न्हाय व्हय, कशाचं हाय ते?"

मी म्हणाले, माहीत आहे.

"मग?"

मी दुसरा ट्रे आत ढकलला.

बायका आल्या. रोल खरंच छान फुलले होते, वरून तांबूस, आतून पापुद्रे सुटलेले. पहिला घास खाऊन समोरच्या वहिनींनी डोळे मिटले. त्या करकंबच्या, माहेरी ऊस, घरात बोलण्याचालण्याचा तोरा, पण मनानं मोकळ्या. मला त्यांचं कौतुक हवं होतं हे कबूलच करायला पाहिजे, आणि ते मिळतही होतं. त्या सगळ्यांना सांगत होत्या, आमच्या या शेजारणीच्या हाताला चव आहे. मग बोलता बोलता म्हणाल्या, "हे कसं, पॅकबंद, स्वच्छ. नाहीतर आपल्या गावाकडची ती डुकरं, गटारीत लोळणारी. आणि ती पाळून खाणारी माणसं. मला तर आठवलं तरी मळमळतं." बाकीच्या हसल्या. मीही हसले. ते हसू मला अजून आठवतं, कारण ते बळंच आणलेलं नव्हतं, आपोआप आलं.

आई कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसली होती. वहिनींनी प्लेट तिच्यापुढं धरली. "मावशी, घ्या की एक. चालतं ना तुम्हाला?"

आईनं हात पुढं केला होता. बोटं रोलला लागलीच होती. ती काहीतरी बोलणार, घरच्या चवीचं काहीतरी तिच्या तोंडून निघणार, असं मला वाटलं.

"आई माळकरी आहे," मी म्हणाले. "ती नाही खात."

कुठून आलं हे माझ्या तोंडी, मला माहीत नाही. आईच्या सगळ्या जन्मात तिनं कधी एकादशी केलेली नाही. तिचा हात तसाच मागं गेला आणि मांडीवर जाऊन बसला.

वहिनी एकदम हळव्या झाल्या. त्यांचे वडीलही माळकरी. प्लेट त्यांनी झटकन बाजूला घेतली, माफी मागितली, आणि मग तिच्या गळ्याकडं बघून सहज विचारलं, माळ दिसत नाही ती?

आता संपलं सगळं, असं मला वाटलं. आईनं पदर गळ्याभोवती नीट ओढून घेतला.

"आपरेशनाला काडाया लावली की डाक्टरनं," ती म्हणाली. "पिशवीत हाय."

इतक्या सहज म्हणाली की क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

बायका गेल्यावर मी तिच्यासाठी बाजूला ठेवलेले रोल गरम केले आणि तिच्यापुढं नेले. आता कुणी नाही, खा, म्हणाले. ती रागावली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ती बाई परत आली आन् तोंडाचा वास आला म्हंजी?" मी आग्रह केला. तिनं मान हलवली. ते रोल रात्री नवऱ्यानं खाल्ले आणि चांगले झालेत म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सकाळचं उकडलेलं अंडंही बंद केलं. डॉक्टरांनी खायला सांगितलं होतं, पण कचऱ्याच्या बादलीत टरफलं दिसतील, असं तिचं म्हणणं. त्या आठवड्यात एकादशी आली. वहिनी स्टीलच्या डब्यात शाबूची खिचडी आणि भगर घेऊन आल्या, आईच्या पाया पडल्या आणि समोर बसून राहिल्या. आईनं खाण्याआधी हात जोडले, मग एक एक घास सावकाश खाल्ला. माझी आई, जिला कुणी आपल्या भांड्यातून पाणी दिलेलं मी लहानपणी पाहिलं नाही, तिच्या पाया करकंबची बाई पडत होती, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. वहिनींना खरं कळलं तर त्या काय करतील, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित काहीच करणार नाहीत. ते बघायची माझी हिंमत नाही, एवढंच मला माहीत आहे.

चष्मा उतरला तशी ती गावी जायला निघाली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. अक्कलकोटची गाडी लागली होती. खिडकीजवळची जागा धरून तिला बसवलं, पिशवी मांडीवर दिली. मला तिची माफी मागायची होती. रिक्षात मी ते मनात घोळवतही आले होते. पण आजूबाजूला माणसं होती, आणि माणसं असली की माझी जीभ मराठीतही चालत नाही आणि आमच्या बोलीतही नाही.

तीच बोलली. तिच्या बोलण्यात कुठं टोमणा आहे का, ते मी शोधलं. नव्हता. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, त्यासाठी परत यायचंच होतं, आणि तिला फक्त तयारी विचारून घ्यायची होती.

"पुढल्या खेपंला मी घालूनच येऊ का गं, माळ?"

नको, म्हणायला हवं होतं. तशीच ये, म्हणायला हवं होतं. कंडक्टरनं दार ओढून घेतलं, गाडी हलली.

"बघू," मी म्हणाले.