पहिल्या मॅचचे आप्पा

नेमबाजीची सुरुवात पायमोज्यांपासून होते असं मानणारा एकच माणूस या पृथ्वीवर होऊन गेला, आणि ते म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचे वडील. सगळं दौंड त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणायचो. त्यांच्याकडे एअर रायफल शिकायला येणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, आता हे आपल्याला डोळा कुठं लावायचा, चाप कसा दाबायचा ते सांगणार. आप्पा आधी खाली बघायचे. "मोजं काढा," म्हणायचे. मग तो मोजा उलटा करून, शिवण चाचपून, अंगठ्याशी भोक आहे का ते उजेडात धरून बघायचे. "ही शिवण करंगळीला टोचती. तुम्हाला कळायचं न्हाई, पर करंगळीला कळतं. करंगळी मॅचमधे मधेच बोलाया लागती." करंगळी मॅचमध्ये बोलायला लागते हे ऐकून शिरूरचा एक वकील पहिल्याच दिवशी परत गेला. पुढच्या रविवारी तो नवे मोजे घेऊन आला. आप्पांनी ते धुवायला लावले. कोरे मोजे घसरतात, असं त्यांचं मत होतं.

आप्पा मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले होते. रिटायर झालेली माणसं देवळाच्या ओट्यावर बसतात किंवा मुलाच्या संसारात लक्ष घालतात. आप्पांनी केडगाव रस्त्यावर एक बंद पडलेली पोल्ट्रीची शेड भाड्यानं घेतली आणि तिच्यात रायफलची रेंज काढली. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असावीत. पोल्ट्रीची शेड लांबच लांब असते, मध्ये खांब नसतो, एका टोकाला टार्गेटचं कार्ड लावून दुसऱ्या टोकाला उभं राहिलं की झाली रेंज. कोंबड्या जाऊन वर्ष झालं होतं, पण वास गेला नव्हता. छपराच्या कैच्यांत अडकलेली पिसं अजून अधूनमधून तरंगत खाली यायची. एकदा एक पीस बरोबर माझ्या नळीवर येऊन बसलं आणि मला हसू आवरेना. आप्पा मात्र गंभीर. "हसून घ्या, ताई. पुण्याच्या रेंजवर पिसं न्हाईत, पर हसू कशानंबी येतं. ते कुठनं येतं आन् कुठं जातं, ते हितंच बघून ठेवायचं."

मॅच जिंकायची कशी, हे आप्पांना कधी शिकवता आलं नाही आणि त्यांनी कधी तसा दावाही केला नाही. त्यांचा सगळा जीव पहिल्या मॅचमध्ये. दुसरी मॅच आली की ते माणसाला सरळ सांगायचे, "आता तुम्ही पुण्याला कुणीतरी मोठा कोच बघा. माझं काम झालं." पण पहिल्या मॅचच्या आधीचा महिना त्या माणसाचा स्वतःवर काडीचाही हक्क राहायचा नाही. त्यानं काय खावं, कधी झोपावं, नखं कोणत्या वारी कापावीत, हे सगळं आप्पांच्या ताब्यात जायचं. आदल्या रात्री मुगाची खिचडी, तीही बिनफोडणीची. रांजणगावच्या कंपनीत काम करणारा एक पोरगा आदल्या दिवशी मिसळ खाऊन आला, तर आप्पांनी त्याचा हात नाकाशी धरला आणि सरळ रायफल पेटीत ठेवून दिली. पोरगा रडवेला झाला. "आप्पा, एकच पाव खाल्ला." "पावाचं काय न्हाई रे. उद्या तू नेम धरशील आन् पोट म्हणंल, मीबी हाय." त्याला दिवसभर ताक पाजून संध्याकाळी त्यांनी माफ केलं. चपलाबुटांचा नियम तर सगळ्यांना पाठ होता. मॅचला जुना बूट. "नवा बूट लग्नात घालावा. तिथं चोरीला गेला तरी नवरदेव भरून देतो."

प्रवासाचीही तालीम असायची. पेटी घेऊन दौंडहून एसटीत बसायचं, केडगावला उतरायचं, चहा न पिता परत यायचं. चहा न पिणं हा तालमीचाच भाग. त्या लांबलचक पेटीत काय आहे असं कंडक्टरनं विचारलं तर खरं सांगायचं, अशी सक्त ताकीद. केंदूरच्या एका शेतकऱ्यानं खरं सांगितलं, तेव्हा त्याच्या शेजारचा, पुढचा आणि मागचा, तिन्ही बाक रिकामे झाले. त्यानं घाबरत घाबरत येऊन आप्पांना ते सांगितलं, तर आप्पा खूश. "बघा! खरं बोलल्यावर बसाया जागा मिळती."

या सगळ्याला आप्पांच्या घरात एकच विरोधी पक्ष होता, माई, म्हणजे त्यांच्या पत्नी. माई ठेंगण्या, गोऱ्या, तोंडानं फटकळ. मॅचमध्ये शेजारचा माणूस खोकतो, कुणाच्या हातून डबा पडतो, त्याची सवय हवी म्हणून आप्पा आमच्या सरावाच्या वेळी माईंना शेडमध्ये उभं करून ताटं पाडायला लावायचे. माई ताट पाडायच्या आणि प्रत्येक ताटागणिक आप्पांचा उद्धार करायच्या. "पेन्शन घिऊन माणसं काशीला जात्यात. आमच्या नशिबात ताटं पाडणं." आम्हाला ताटाच्या आवाजाची सवय चटकन झाली. माईंच्या बोलण्यावर मात्र शेवटपर्यंत हसू यायचं.

मी या फौजेत कशी सापडले ते सांगते. मी तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत मराठी शिकवत होते. जाऊबाईंच्या धाकट्या लेकराच्या बारशाला आम्ही सगळे दौंडला गेलो होतो. अंगणात पोरांचा धुडगूस चाललेला, कुणीतरी माझ्या पाठीवर चढलेलं, आणि मी आपली खाली मान घालून मेथी निवडत होते. आप्पा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग व्याह्यांच्या सुनेशी बोलायचं म्हणून टोपी सारखी करून पुढं आले.

"ताई, राग मानू नका. एवढा दंगा चाललाय, तुमचा हात कसा हलला न्हाई?"

"शाळेत शिकवते ना, आप्पा. याहून मोठा दंगा रोज असतो."

"मग तुम्ही रविवारी शेडवर या."

मला वाटलं, मेथी निवडायला बोलावताहेत. पुढच्या रविवारी न्हावरे, चौफुला असं करत शेडवर पोचले, तेव्हा माझ्या हातात रायफल आली. वयाच्या तिशीनंतर, दोन मुलांची आई झाल्यावर, कुणीतरी मला नवं काहीतरी दिलं होतं आणि ते स्वयंपाकघरात लावायचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बंदुकीनं काय कावळं मारणार हायेस का?" नवरा म्हणाला, "जाऊ दे, एक रविवार जाईल आणि सोडून देईल." मी सोडलं नाही.

माझ्या वेळी एक नाजूक अडचण आली. रायफलचा दस्ता खांद्याशी टेकवला की मंगळसूत्र मध्ये यायचं. ते आप्पांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं, पण जावयाच्या भावजयीला हे बोलायचं कसं? त्यांनी पाच-सहा वेळा घसा खाकरला, छपराकडं बघितलं आणि शेवटी माईंना बोलावून आणलं. माई सरळ म्हणाल्या, "अगं, वाट्या पाठीवर टाक. हे मघापासनं घाम पुसत्यात." तेव्हापासून मी मंगळसूत्र पाठीवर टाकूनच नेम धरते.

माझी पहिली मॅच पुण्यात झाली. आप्पा माझ्याबरोबर आले, पण रेंजच्या दारातच थांबले. आपल्या माणसाची मॅच ते कधी बघायचे नाहीत. बाहेर कडुनिंबाखाली, रेंजकडे पाठ करून, गुडघ्यावर हात ठेवून बसायचे. माझा पहिला छर्रा कुठंतरी भलतीकडंच गेला. पण "सुटला तो गेला" हे आप्पांचं सरावातलं नेहमीचं वाक्य मी स्वतःशीच पुटपुटले, पाणी प्यायले आणि पुढचा नेम धरला. सगळे छर्रे संपले तेव्हा माझा नंबर कुठंतरी मधल्या गर्दीत होता. बाहेर आले तर आप्पा पेढ्यांचा पुडा सोडत होते.

"आप्पा, मला काही मिळालं नाही हो."

"शेवटपातूर उभ्या राहिलात ना? झालं तर मग." पेढे त्यांनी मॅच सुरू व्हायच्या आधीच आणून ठेवले होते. कुणाच्याही मॅचला ते तसे आधीच आणायचे, हे मला नंतर कळलं.

परतताना मी सहज विचारलं, "आप्पा, तुमची पहिली मॅच कशी झाली होती?" पेढ्याचा पुडा बांधता बांधता ते म्हणाले, "पाऊस येईल वाटतं." मार्च महिना होता. आभाळात एक ढग नव्हता.

ती हकिगत मला माईंनी सांगितली, बऱ्याच वर्षांनी, शेंगा फोडता फोडता. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हाची. आप्पा तरुणपणी रायफल चालवायचे, हात चांगला होता. पहिल्या मॅचच्या आधी ड्यूटी लागली. रात्रभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात जागून, तोंडही न धुता ते तसेच रेंजवर जाऊन उभे राहिले आणि एकामागून एक सगळे नेम मारले, शेजाऱ्याच्या कार्डावर. नेम सुंदर होते. आप्पांचं स्वतःचं कार्ड कोरं करकरीत. तिथल्या साहेबानं दोन्ही कार्डं उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि अख्खी रेंज हसली. "घरी आलं, जेवलं न्हाईत," माई म्हणाल्या. "मला काय सांगितलं न्हाई. त्यांच्या दोस्तानं सांगितलं तवा कळलं. त्यानंतर मॅचला उभं न्हाई राहिलं ते. आता दुसऱ्याचं मोजं तपासत बसत्यात." शेंगांची टरफलं त्यांनी जरा जास्तच जोरात झटकली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसांची मॅच असती का गं?"

असते, म्हटलं. साठीच्या पुढच्यांचा वेगळा गट असतो. माईंनी मला आप्पांचं नाव द्यायला लावलं. आप्पांना कळलं तेव्हा त्यांनी गुडघा, मोतीबिंदू, ब्लडप्रेशर असा सगळा दवाखाना पुढे केला. माईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्यापायी मी एवढी वर्सं ताटं पाडली. एक दिवस माझ्यापायी तुम्ही उभं ऱ्हावा."

मग एक महिना आमचा. वकील, रांजणगावचा पोरगा, केंदूरचा शेतकरी आणि मी, सगळ्यांनी मिळून आप्पांना धारेवर धरलं. त्यांच्याइतका नाठाळ नवखा आम्ही दुसरा पाहिला नाही. चोरून चहा प्यायचे. खिचडीला फोडणी नाही म्हणून रुसायचे. केडगावच्या तालमीला गेले ते एसटीत डुलकी लागून थेट यवतपर्यंत पोचले. वकिलानं त्यांना मोजे काढायला सांगितले तेव्हा तर मला खुर्चीवर बसून हसावं लागलं. पण मॅचचा दिवस जवळ आला तसे आप्पा गप्प गप्प होत गेले, आणि मग आम्हालाही हसू येईनासं झालं.

त्या दिवशी माई आयुष्यात पहिल्यांदा रेंजवर आल्या. इस्त्रीचं लुगडं, हातात डबा, दोरीमागच्या पहिल्या खुर्चीत ताठ बसलेल्या. आप्पा आपल्या जागेवर उभे राहिले. इशारा झाला. आजूबाजूचे म्हातारे पट पट मारायला लागले. आप्पांनी रायफल उचलली, गालाला लावली, आणि खाली ठेवली. परत उचलली. परत खाली. आपल्या कार्डाचा नंबर बघायचे, वरची पाटी बघायचे, पुन्हा कार्ड. शेजारच्या माणसाचं अर्धं काम उरकलं तरी आप्पांनी एकही छर्रा सोडला नव्हता. मागून बोलायची सोय नाही, तसा नियमच आहे. शेवटी त्यांनी रायफल टेबलावर ठेवली आणि वळून मागं बघितलं. साठी उलटलेल्या माणसाचा चेहरा इतका लहान मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता हे निघून येणार.

माई खुर्चीतून उठल्या. सगळी रेंज चिडीचूप, आणि त्या शेतात हाक मारावी तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमचंच हाय ते! मारा!"

पंचांनी मान वर केली. "बाई, बोलायचं नाही इथं." "न्हाई बोलत," माई म्हणाल्या आणि बसल्या. पंचांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा आप्पांकडं बघितलं आणि मान खाली घातली. आप्पा वळले. त्यांनी रायफल उचलली ती या खेपेला खाली आली नाही. छर्रा त्यांच्याच कार्डात गेला. मधल्या काळ्या वर्तुळाच्या कडेला का होईना, पण त्यांच्याच. मग दुसरा, मग तिसरा. वेळ संपायच्या जरासं आधी शेवटचा गेला. शेवटून तिसरा नंबर आला आप्पांचा. आपलं कार्ड हातात मिळाल्यावर ते जे आलेल्या-गेलेल्याला दाखवत सुटले, ते चहावाल्यालाही सोडलं नाही. "हे सगळं माझं हाय बरं का," असं प्रत्येकाला बजावत होते. पेढे या वेळी माईंनी आणले होते.

आता ती शेड नाही. तिथं प्लॉटिंग झालं, गेटावर कुणाचं तरी नाव आलं. आप्पाही गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यांनी उभी केलेली माणसं कुठं कुठं पांगली. त्यातलं कुणी मोठं नेमबाज झालं असं काही नाही. पण कधीतरी दौंडकडच्या गाडीत खिडकीशी बसले की मला आप्पांच्या मॅचच्या दिवसाची संध्याकाळ आठवते. आम्ही पुण्याहून परत निघालो होतो. आप्पा आणि माई शेजारी शेजारी बसले होते, हेच मुळी नवल, कारण चारचौघांत माई त्यांच्यापासून हातभर लांबच बसायच्या. आप्पा हडपसरपर्यंत बोलत होते. उरुळीच्या आसपास त्यांचा आवाज बारीक झाला, मान हळूहळू कलली आणि माईंच्या खांद्यावर टेकली. गाडी माणसांनी भरलेली. मला वाटलं, माई आता खांदा काढून घेणार. त्यांनी पदर जरासा सारखा केला, आप्पांच्या कपाळाला मंगळसूत्र टोचू नये म्हणून ते बोटानं बाजूला धरलं, आणि तशाच समोर बघत बसून राहिल्या. केडगाव आलं तसं मी काहीतरी सांगायला पुढं वाकले, तर त्यांनी माझ्याकडं न बघता, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "आज दमल्यात."