अक्काचा जबाब

मोर्च्याला परवानगी लागते. निवेदनाला साहेबाची वेळ लागते. पण घरची चूल बंद ठेवायला कुणाला विचारायचं? हे डोकं माझ्या लेकीचं. आणि माझी लेक म्हणजे एकदा मनात घेतलं की बापाचंही ऐकायची नाही, तर माझं काय ऐकणार!

त्याआधी आमच्या गल्लीतल्या पुरुषांनी मूक मोर्चा काढायचं ठरवलं होतं. गाझामधल्या लेकरांसाठी. घोषणा नाहीत, काही नाही, नुसतं आमच्या जळगावातल्या मेहरूणपासून कलेक्टर कचेरीपर्यंत चालायचं. पोलिसांनी परवानगी दिली नाही. वातावरण बिघडेल म्हणाले. मग चार पांढरे कुर्ते निवेदन देऊन आले, फोटो काढून आले, आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या दुकानात जाऊन बसले. आम्ही बाया मात्र मोबाईलवर रोज ती पोरं बघत होतो. रिकामं भगुणं घेऊन रांगेत उभी असलेली. आणि खोटं कशाला बोलू, तरी मी रोज जेवत होतेच. त्याचाच राग यायचा.

आमच्यात मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे डबे येतात, तेच खायचं. लेक म्हणाली, "अम्मी, एक दिवस पूर्ण गल्लीनं चूल बंद ठेवायची. आपल्याच घरी मयत झालंय असं समजून. त्याला कोण नाही म्हणेल?"

बायांची बैठक माझ्याच ओट्यावर बसली. काय तो गोंधळ! चहा चालेल का? गॅसची शेगडी चुलीत धरायची का? एक म्हातारी म्हणाली, मयताच्या घरीसुद्धा चहा होतोच, चहाविना मी नाही राहायची, मला यातून काढा. शेवटी ठरलं, चहासुद्धा नाही. लहान पोरांना केळी द्यायची, जळगावात केळ्याला काय तोटा. लेकीनं पुठ्ठ्यांवर स्वच्छ मराठीत लिहिलं: 'आज आमची चूल बंद आहे. गाझात लेकरं उपाशी मरत आहेत.' प्रत्येक दारावर एकेक पुठ्ठा लटकला.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच डोक्यात आली नाही. सगळ्या गल्लीची चूल बंद, मग डबे आणायचे कुणी? मयताच्या घरचे काही मागत नसतात, ते तोंड मिटून बसतात. आम्हीही बसलो. पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी येईल, असं मनातून सगळ्यांनाच वाटत होतं, बोलत कुणी नव्हतं. दुपार झाली. रस्त्यानं जाणारे पुठ्ठे वाचत होते. एक मोटरसायकलवाला थांबला, मोठ्यानं वाचलं आणि खो खो हसून म्हणाला, "मग जा ना तिकडंच, गॅस तरी वाचेल!" त्याच्या मागे बसलेली बाईही हसली. चांगली लेकुरवाळी बाई होती हो, मांडीवर पोर होतं. मला ती अजून डोळ्यांपुढे दिसते.

आणि मग अक्का आली.

अक्का म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची. माहेर शिंदखेड्याकडचं, बोली अजून तिकडचीच. आमच्या दोघींच्या मागच्या अंगणात एकच भिंत, छातीएवढी. त्या भिंतीवरून आमचा सगळा संसार इकडून तिकडे गेला. मी लग्न होऊन पाचोऱ्याहून आले तेव्हा मला कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी नीट थापता यायची नाही, ती अक्कानं शिकवली. माझा नवरा गेला तेव्हा माझी चूल पेटायची वेळ येऊ नये म्हणून तिची आधी पेटायची आणि डबा भिंतीवरून यायचा. मी ब्लाउज शिवून लेकीला नर्सिंगला घातलं, तर फी भरायला जाताना लेक आधी अक्काच्या पाया पडून जायची. मला ते आवडायचं नाही, पण मी कधी अडवलं नाही.

अक्का डोक्यावर पदर घेऊन, हातात पिठल्याचं भगुणं आणि फडक्यात भाकरी घेऊन समोरच्या दारानं आली. भिंतीवरून नाही, दारानं. मयताला जातात तशी. "कोन गयं वं?" म्हणाली. तिला वाटलं माझ्या पाचोऱ्याच्या भावाचं काही बरंवाईट झालं. मी सांगितलं, अक्का, घरचं कुणी नाही, तिकडची लेकरं गेली, अजून चाललीच आहेत. मोबाईलवर दाखवलं. अक्कानं बघितलं आणि उंबऱ्यावर बसलीच. "माय वं! पोरेस्ले काय समजस त्यामा!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. खरं रडली. मीही रडले. दिवसभर कोरडी होते ती तेव्हा फुटले.

लेकीनं तेवढ्यात फोटो काढला. अक्का माझ्या उंबऱ्यावर, पदर तोंडाला, मागे दारावर तो पुठ्ठा. खाली लिहिलं, 'शेजारच्या अक्काही आमच्यासोबत रडल्या,' आणि दिला सोडून ग्रुपवर. मला दाखवला तेव्हा मीसुद्धा म्हणाले, छान आलाय गं.

तो फोटो संध्याकाळच्या आत अक्काच्या मुलाच्या मोबाईलवर पोचला. मुलाला गल्लीत सगळे भाऊ म्हणतात. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि हल्ली गळ्यात रुमाल घालून मिरवणुकीत पुढे चालतो. त्याच्या मित्रांनी त्या फोटोवर काय काय लिहिलं, ते मी इथं लिहिणार नाही. आपल्या आईबद्दल तसं वाचावं लागलेल्या माणसाला मी दोष देत नाही. पण तो आला तो सरळ माझ्या अंगावर. "आईचा फोटो काढताना कुणाला विचारलं? ती जेवण घेऊन आली होती की तुमच्या आंदोलनात आली होती?"

प्रश्न बरोबर होता. म्हणूनच माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "तुझ्या आईला रडूही येऊ नये का रे?" तो म्हणाला, "रडायचं तर आपल्या घरात रडेल." त्या आठवड्यातच त्यानं गवंडी लावला आणि मधली भिंत डोक्याच्या वर नेली. वरून सिमेंटमध्ये बाटल्यांच्या काचा बसवल्या. लेकीनं फोटो काढून टाकला होता, माफीही मागायला गेली होती. दारातूनच परत आली.

भिंत वाढल्यावर दोन दिवसांनी लेकीला पोलिसांनी बोलावलं. गुन्हा काही नाही, नुसतं बसवून ठेवलं. पुठ्ठे कुणी लिहिले, पैसे कुणी दिले, बाहेरचं कोण आहे. लेक म्हणाली, पुठ्ठे किराणावाल्याचे, अक्षर माझं, आणि बाहेरचं कुणीच आलं नाही हेच तर दुःख आहे साहेब. लिहून घेतलं आणि सोडलं.

आणि नेमकं तेव्हाच लेकीचं नाव सरकारी नर्सच्या यादीत लागलं. शिंदखेड्याचं सरकारी रुग्णालय. अहो, मी पेढे आणले, गल्लीत वाटले, अक्काच्या दारात ठेवावेत की नाही म्हणून तो पुडा हातात घेऊन किती वेळ उभी राहिले! ठेवले नाहीत. आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी राहिली होती. गल्लीत चौकशीला हवालदार आला. माणूस वाईट नव्हता. मला म्हणाला, "बाई, ते बसवून ठेवलेलं प्रकरण साहेबांच्या डोक्यात आहे. तुमच्या लोकांनी चांगलं सांगितलं तर त्याला अर्थ नाही. शेजारची दुसरी कुणी ओळखीची असेल तर तिचा जबाब घेतो. ती चांगलं बोलली की झालं."

मी म्हटलं, आहे ना. पलीकडे अक्का आहे. जन्मापासून ओळखते.

हवालदार पलीकडे गेला. मी मागच्या अंगणात भिंतीला कान लावून उभी राहिले. वाढवलेल्या भिंतीतूनही सगळं ऐकू येत होतं, विटा एकेरीच लावल्या होत्या त्यानं. भाऊ घरात होता, त्याच्या खोकल्याचा आवाज आला. हवालदारानं लेकीचं नाव घेऊन विचारलं, कशी आहे मुलगी?

सूप पाखडल्याचा आवाज तेवढा आला.

त्यानं परत विचारलं. वागणूक कशी आहे, कुणाकुणाची ये-जा असते, तुमच्या घरी येते का?

"आमनं तेस्नासंगे काही येणंजाणं नही, साहेब," अक्का म्हणाली.

"अहो, भिंतीला भिंत आहे."

"भिंत शे. येणंजाणं नही. त्या पोरनं माले काही ठाऊक नही."

त्या पोरनं, म्हणजे त्या पोरीचं. नावसुद्धा घेतलं नाही हो. हवालदार चहा न घेताच गेला.

मी चप्पलही घातली नाही. भाऊ मोटरसायकल काढून गेल्याबरोबर तिच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. "अक्का, खोटं बोललीस. देवाच्या दारात काय तोंड दाखवशील?" ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. मला वाटलं होतं रडेल, पाय धरेल. काही नाही. शांतपणे म्हणाली, "तुन्ही पोरले दुसरी नोकरी भेटी जाई. माले दुसरं घर कोन देई?"

जे तोंडात आलं ते बोलले. "मग मर त्याच्याच दारात. पण लक्षात ठेव, तू मेलीस तर मी उंबरा चढायची नाही." अक्कानं सुपातला खडा उचलून बाहेर फेकला आणि पुढचे तांदूळ ओढले. मी असं बोलले याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाटायला हवं होतं, असं लोक म्हणतात. म्हणोत.

घरी लेक वाट बघत होती. "अक्का काय म्हणाल्या?" तिच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता की मला तिचाही राग आला. मी काही झाकलं नाही, लपवलं नाही. जसंच्या तसं सांगितलं, अक्काच्या बोलीत, अक्काच्या आवाजात. येणंजाणं नही. माले काही ठाऊक नही. मला वाटलं आता ही पोर मोडून पडेल आणि मग मी तिला जवळ घेईन आणि दोघी मिळून त्या बाईला शिव्या देऊ. मला ते हवं होतं.

लेक म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. त्यांचं रडणं मी जगाला दाखवलं, त्यांना न विचारता. आता त्या माझ्यासाठी बोलल्या नाहीत. कशाला बोलतील?"

मी तिच्या थोबाडीत मारली.

लहानपणीसुद्धा मी तिला कधी हात लावला नव्हता. ती थप्पड अक्काची होती, अक्काच्या मुलाची होती, त्या मोटरसायकलवर हसणाऱ्या बाईची होती. पण त्यातलं कुणीच माझ्या हाताला लागत नव्हतं. ही समोर होती. लेकीनं गालाला हात लावला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. आत गेली आणि दार आतून लावून घेतलं.

पडताळणी अडकली आणि शिंदखेड्याला दुसरी मुलगी रुजू झाली. माझी लेक आता धुळ्याला एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करते आणि तिथंच खोली घेऊन राहते. दर शुक्रवारी तिकडच्या बायांना गोळा करून पुठ्ठे लिहिते, असं कानावर येतं. ते मला दुसऱ्यांकडून कळतं. ती फोन करते तो फक्त ईदला.