भवानीचं गिऱ्हाईक

माझी जीभ लहानपणापासून तिखट. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई घरात सगळ्यांना बजावायच्या, "हिच्या तोंडाला लागू नका रे." आणि देवाने मला मुलगी दिली ती अशी, की सहावं लागलं तरी तोंडातून शब्द फुटेना. आमच्या चाळीतल्या बायकांना यात मोठी गंमत वाटायची. "आईनंच सगळं बोलून संपवलंय, पोरीला काय उरलं?" म्हणायच्या. मीही चारचौघींत हसायचे आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे.

ती झाली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाउन सिंड्रोम आहे, सगळं जरा उशिरा होईल. बरं, होऊ दे उशिरा. उशिरा बसली, उशिरा चालली, पण चालली. कान तपासून घेतले, ते धडधाकट. गाडं अडलं होतं ते फक्त बोलण्याचं. हिला पाढे येतील का, पहिला नंबर येईल का, असल्या काळज्या मला कधीच नव्हत्या. माझी भीती एकच होती. तहान लागली, पोट दुखलं, कुणी धपाटा घातला, तर हिच्या चेहऱ्यावरून मला कळतं. मी आहे तोवर ठीक. मी नसले तर ही कुणाला काय सांगणार?

आम्ही साताऱ्याकडचे. हे तारापूरच्या एका कारखान्यात फिटर आहेत, बोईसरला चाळीत खोली आहे. बोलायला शिकवणारं माणूस शोधत मी किती दारं वाजवली त्याला गणती नाही. बोईसरात कुणी नाही. विरारला एक बाई होत्या, त्यांच्याकडे नंबर लागायला उन्हाळ्याचा पावसाळा झाला असता, आणि लागल्यावर आठवड्यातून दोनदा जायचं म्हणजे मी घर सोडून रस्त्यावरच राहायचं. शेवटी कळलं की पालघरला अशा मुलांसाठी एक केंद्र आहे आणि तिथे एक मॅडम येतात. येतात म्हणजे महिन्यातून एखादा दिवस. उरलेले दिवस त्या डहाणूला, जव्हारला, मोखाड्याला. सगळ्या बाजूंना मिळून त्या एकट्याच.

मॅडम म्हणजे अगदी पोरगेली होती. पायात स्पोर्ट्स शूज, पाठीवर सॅक, डोळ्यांखाली काळं. बाहेर बाकावर एवढी मुलं, की मला वाटलं पाच मिनिटांत कटवणार. पण तिने माझ्या मुलीला समोर बसवलं, एक भोवरा काढला, फिरवला आणि थांबला तसा हातात धरून गप्प बसली. मुलीने हात पुढे केला. मॅडम हसतमुख, पण गप्पच. मला राहवेना. "अहो तिला भोवरा पाहिजे," मी म्हणाले.

"तिला सांगू द्या ना, ताई."

"तिला बोलता येत नाही म्हणून तर आणलीय!"

मॅडम चिडली नाही. म्हणाली, "तुम्ही सगळे तिचं बोलणं आधीच बोलून टाकता. तिला काही उरतच नाही. तिला सगळ्यात जास्त आवडतं ते तिच्यासमोर धरा आणि थांबा. तोंड बंद, हात मागे. आवाज कसलाही येऊ दे, आला की लगेच द्या." मग तिने ओठांचे, जिभेचे व्यायाम दाखवले, घास कुठल्या बाजूने भरवायचा ते दाखवलं, माझ्याकडून करून घेतलं, चुकलं तिथे पुन्हा करून घेतलं. चाळीतल्या बायका गमतीने म्हणायच्या तेच ही शिकलेली पोर गंभीरपणे म्हणत होती, म्हणून घरी येताना मी तणतणत होते. पण मनाला पटलं होतं. मनाला पटलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

अशा आमच्या मोजक्या भेटी झाल्या. मग एकदा गेलो तर खोलीला कुलूप. बाहेर बाकावर जव्हारकडची एक बाई चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली, अंधारात घर सोडून दोन बस बदलून आलेली. शिपाई म्हणाला, "मॅडमचं कंत्राट संपलं. जागा रिकामी हाय."

"कधी भरणार?"

"ते वरून ठरतंय."

माझा पारा चढला. "वरून म्हणजे आकाशातून? या बाईने आता काय करायचं? मुलाला सांगायचं का, जागा भरेपर्यंत मुका राहा?" सगळा मजला गोळा केला मी. शिपाई बिचारा, त्याच्या हातात काय होतं? शेवटी मी त्या बाईशेजारी बसले आणि मला आलं तेवढं तिला दाखवलं. तिच्या पदराला बांधलेले चणे होते, त्यातला एक चिमटीत धरला, तोंड बंद, हात मागे. मूल टकमका बघत राहिलं. पण तिची जायची घाई होती, बस चुकली असती, आणि भात कापून झाला की ते सगळे वीटभट्टीवर जाणार होते. ती पुन्हा कधी मला दिसली नाही. त्या मुलाला ऐकू येत होतं की नव्हतं, जिभेत काही दोष होता का, मला काय ठाऊक? ते ज्याला ठाऊक असतं ते माणूस तिथे नव्हतं, आणि त्याचा राग मला आजही येतो.

घरी आले आणि ठरवलं. मॅडम नाही तर नाही, मॅडमने सांगितलेलं तर आहे.

आता माझ्या मुलीला सगळ्यात जास्त काय आवडतं? खेळणी नाहीत, चॉकलेट नाही. कोळंबी! आणि कोळंबीचा मार्ग होता चिंचणीच्या मासेवाल्या मावशीकडून. मावशी रोज सकाळी आमच्या चाळीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीखाली पाटी घेऊन बसते. गळ्यात सोन्याचे मणी, आवाज असा की तिसऱ्या चाळीत कळावं आज बोंबील आहेत. एकदा माझ्या मुलीने तिच्या हातावर पैसे ठेवून दिवसाची भवानी केली, म्हणजे पहिली विक्री, आणि त्या दिवशी पाटी भराभरा रिकामी झाली. तेव्हापासून मावशीने ठरवलं, या पोरीचा हातगुण चांगला. रोजची भवानी हिच्याच हातची. घ्यायचं नसलं तरी नाणं टेकवून जायचं, असा हुकूम. आणि भवानीच्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही हा मावशीचा धर्म, म्हणून पोरगी पायरी उतरायच्या आतच कोळंबीचा वाटा पिशवीत पडलेला असायचा. नाणं कपाळाला लावलं की ती मोकळी. पोरीला हात हलवायचंही काम नाही.

मी जाऊन सांगितलं, "मावशी, उद्यापासून वाटा हातात धरायचा. ती आवाज करेपर्यंत द्यायचा नाही."

मावशी उसळली. "याड लागला का गो तुला? भवानीला उभी ठेवू? धंदा बसंल माजा!"

"आणि माझ्या पोरीची वाचा बसलीय त्याचं काय?"

"देवाचं लेकरू हाय ते. त्याला कशाला छळतंस?"

"देवाने लेकरू माझ्या पदरात टाकलंय, मी मेल्यावर देव येणारे का तिला पाणी विचारायला?"

बायका जमल्या. मी बोलले ते बोलले, वर बजावलं की ऐकणार नसशील तर उद्यापासून पोरगी तुझ्या पाटीपाशी फिरकणार नाही. हा घाव वर्मी बसला. मावशी पुटपुटत म्हणाली, "बरं बाय, तुजा खरा."

दुसऱ्या दिवशीचा तमाशा सांगते. मावशीने वाटा हातात धरला, पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळतंय. पोरीने पिशवी उघडून धरली. वाटा येईना. तिने मावशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी पुतळे. मागे गिऱ्हाइकं साचायला लागली, कारण भवानी झाल्याशिवाय मावशी दुसऱ्या कुणाला बोंबलाची शेपटी विकणार नाही. जनरल पाळीला निघालेला एक परप्रांतीय कामगार करवादला, "अरे मौसी, दे दो ना बच्ची को, ड्यूटी है!" शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "किती ताणाल? आई आहात का कसाई आहात तुम्ही?" पोरगी खाली बसली, पाय आपटले आणि भोकाड पसरलं. पण मी हात मागे बांधले ते बांधले. त्या दिवशी आम्ही रिकामी पिशवी घेऊन वर आलो, भवानी त्या कामगाराची झाली, आणि मावशी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की घाटावरच्या बाईने तिच्या धंद्याचं वाटोळं केलं.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या सकाळी खालून हाक आली, "ये गो माजी भवानी!" खिडकीतून बघते तर मावशी वाटा हातात धरून बसलेली. हट्टी माणसाला हट्टी माणूस बरोबर ओळखतं. आता तिलाच चेव चढला होता. कुणी घाई केली की तीच खेकसायची, "थांबायचा तर थांब, नायतर नीघ! आमचा काम चाललाय." जगातली सगळ्यात बडबडी बाई माझ्या मुलीसमोर मूग गिळून बसायची. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एके दिवशी पोरीने पिशवी झटकली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "दे."

स्पष्ट नव्हतं. घशातून आलं, अर्धं हवेतच गेलं. पण "दे"च होतं. मावशीने वाटा दिला, वर दुसरा दिला, नाणं कपाळाला लावलं ते काढेच ना. मी भर रस्त्यात पदर तोंडात धरून रडले. मोरीत जाण्याइतका धीर कुणाला होता?

मग चाळीत नियमच झाला, हिला मागितल्याशिवाय द्यायचं नाही. "पा" म्हणजे पाणी, "बाबा", "काकी", "बू" म्हणजे कुत्रा. यावर एकदा एक पाहुणे मला म्हणाले, "बघा, मॅडमवाचून काही अडलं का?" त्यांना मी चहाचा कपही संपवू दिला नाही. अडलं म्हणजे काय, अहो अडलेलंच आहे! तिला दोन शब्द जोडता येत नाहीत, पाणी पिताना ठसका लागतो, जीभ कुठे अडते ते मला कळत नाही आणि मावशीलाही नाही. ती पोरगेली मॅडम त्या मोजक्या भेटींत दिशा दाखवून गेली म्हणून एवढं तरी झालं. पालघरची जागा अजून रिकामी आहे, आणि मी अजून जाऊन विचारते. शिपाई आता मला बघून उठूनच उभा राहतो.

पण एक गोष्ट मला खुपायची. सगळ्यांना हाक मारते, कुत्र्यालासुद्धा, आणि मला नाही. "आई" म्हणत नाही. मी एकदा रागाने बोलले तर हे हसून म्हणाले, "तू तिच्यापासून हातभर लांब कधी जातेस? समोर असलेल्या माणसाला कोण हाक मारतं?" बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

दिवाळी झाल्यावर मला ताप भरला. यांची पहिली पाळी, ते अंधारातच गेले होते. उजाडलं तर मला मानही उचलता येईना. पोरगी उठली, माझा पदर ओढला, गालावर हात फिरवला. मी बोलायला गेले तर ओठ हलले, आवाज नाही. आता मुकी मी होते. ती थोडा वेळ बसली आणि मग पायरीवर तिची पावलं वाजली. एकटी कुठे चालली ही?

खिडकी उघडीच होती. खालून मावशीचा आवाज आला, "ये गो माजी भवानी! आज पिशवी नाय आणली?" आणि मग सगळं शांत. ती शांतता माझ्या ओळखीची होती. मावशी वाटा हातात धरून थांबली होती. आता ही "दे" म्हणणार, कोळंबी घेणार आणि तिथेच बसून राहणार, असंच मी डोळे मिटून गृहीत धरलं होतं.

"आई," ती म्हणाली.

मावशी अजून गप्प. किती वेळ गेला कोण जाणे.

"आई... पा."

पाटी दाणकन खाली आपटल्याचा आवाज आला. "भवानी गेली चुलीत! बाय, तुज्या आईला काय झाला?" आणि मावशीची धावती चप्पल जिन्यावर वाजू लागली. तिच्या आधी दारात माझी मुलगी पोचली होती, धापा टाकत. ती माझ्या उशाशी आली.

"आई."

घसा सुकला होता, पण मनात आणलं असतं तर हुंकार तरी देता आला असता. मी दिला नाही. डोळे मिटलेले, तोंड बंद, आणि थांबले.

"आई!" ती पुन्हा ओरडली, या खेपेला चांगलीच वैतागून. मग मी ओ दिली.