नलूवहिनींच्या मापाची गाडी

आहेर मीटिंगला यायचे ते लॅपटॉप न घेता. शर्टाच्या खिशात पेन, चष्म्याचं घर आणि एक सुतळी. साधीच, किराणा दुकानात पुडे बांधतात तसली, मध्ये एक गाठ मारलेली. मोठे साहेब पडद्यावर आलेख दाखवत असायचे, आम्ही माना डोलवत असायचो. सगळ्यांचं झालं की आहेर उठायचे, कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या गाडीचं दार उघडायचे, सुतळीचं एक टोक बुटाखाली दाबायचे आणि दुसरं वर ताणून गाठ सीटच्या कडेला लावून बघायचे. "बसतेय," एवढंच म्हणायचे. नाहीतर, "नाय बसत." मग सुतळी गुंडाळून परत खिशात. नव्या माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी बिनसलंय. मलाही तसंच वाटलं होतं.

नाशिकमध्ये अंबडच्या आमच्या मोटार कारखान्यात मी नियोजन विभागात लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाठलं. "मॅडम, बसा जरा." मी खुर्ची शोधायला लागले. "खुर्चीत नाय हो, गाडीत." लहान, विजेवर चालणारी, स्कूटरवाल्या कुटुंबाला परवडेल अशी गाडी काढायची असं कंपनीच्या मनात होतं. तिचा हा खऱ्या मापाचा लाकडी सांगाडा. चाकं नाहीत, काचा नाहीत, स्टिअरिंगच्या जागी लाकडी चकती. मी बसले. आहेर गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते, मी पाय कसा उचलते, कंबर कशी वळवते. "आता उतरा. परत बसा." पाच वेळा बसवलं मला. मनात म्हटलं, काय माणूस आहे!

ते प्रत्येकालाच बसवायचे. कँटीनच्या बायकांना, पाहुण्यांना, एकदा तर गेटवर झेंडूची पाटी घेऊन बसणाऱ्या मावशींना आत घेऊन आले. सुरक्षावाले तणतणले, पण आहेरांपुढे कुणाचं काय चालणार, पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस. मावशी पाटीसकट ऐसपैस बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "हं, चला. भद्रकालीला सोडा." आम्ही हसून बेजार. आहेर मात्र हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं त्यांनी, पाटी मागच्या सीटवर मावते, दार पुरतं उघडतं.

सुतळीचं रहस्य मला सुतारखात्यातल्या रफिकभाईंनी सांगितलं. तो लाकडी सांगाडा त्यांच्याच हातचा. "वहिनींचं माप हाय ते. आमच्या नलूवहिनींचं." आहेरांच्या बायकोचे गुडघे संधिवातानं गेले होते. सीट त्या गाठीच्या खाली गेली तर त्यांना उठता येत नाही, वर गेली तर चढता येत नाही. मधल्या त्या एका उंचीवर मात्र कंबर टेकवली, पाय आत घेतले, की झालं. कुणाचा हात लागत नाही.

नलूवहिनी सिडकोत शिवणक्लास चालवायच्या. एके काळी आहेरांच्या स्कूटरवर मागे बसून सगळं नाशिक फिरलेल्या. गुडघे गेल्यावर स्कूटर सुटली, एसटीची पायरी सुटली. माहेर चांदवडला. भावाच्या घरच्या वास्तुशांतीला एकदा भाड्याची जीप केली, तर दोन भाच्यांनी काखेत धरून चढवलं. त्या मला म्हणाल्या होत्या, "कांद्याची गोणी चढवतात ना, तशी चढवली गं मला. सगळी आळी बघत होती." त्यानंतर त्या माहेरी गेल्या नाहीत. लोक म्हणायचे, आहेर, जुनी पेट्रोलची गाडी घ्या एखादी. तर त्या सगळ्या बुटक्या, त्यात बसलं की उठायची पंचाईत. आणि आहेर हट्टी. "आपली येतेय ना. आपल्याच गाडीतून नेतो नलूला चांदवडला," हे त्यांचं ठरलेलं. वहिनीही म्हणायच्या, "येतेय तर थांबू की."

एका खंडेनवमीला घरच्यांना कारखान्यात यायची मुभा होती. यंत्रांना हार, हळदकुंकू, पेढे. रफिकभाईंनी लाकडी गाडीलाही झेंडूची माळ बांधली होती. आहेर वहिनींना घेऊन आले. त्या दाराशी थांबल्या, सवयीनं आधाराला कुणाचा हात शोधायला लागल्या. आहेर मुद्दाम दोन पावलं मागे सरले. वहिनींनी कंबर टेकवली, एक पाय आत, दुसरा आत. आणि बघतच राहिल्या. "अहो, मी बसले! एकटी बसले!" अर्धा तास उतरल्या नाहीत त्या. पेढा तिथेच खाल्ला. आहेर लाकडी चकती धरून शेजारी बसले होते, पुढे काच नव्हतीच, भिंत होती, पण दोघं अशी बघत होती की वाटेतलं पिंपळगाव मागे पडलं असावं आणि आता चांदवडचा डोंगर दिसेल. मला तेव्हा रडू आलं होतं, लपवत नाही.

मग मी माझं काम केलं. माझं काम म्हणजे गिऱ्हाइकांना विचारणं. महिनाभर कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत हिंडले आणि विचारलं, विजेची गाडी एका चार्जमध्ये किती लांब जायला हवी? जो तो म्हणे, सप्तशृंगी गडावर जाऊन मध्ये कुठे न थांबता परत यायला हवी, वर थोडी शिल्लकही पाहिजे. मी ते छान रंगीत पानांवर मांडलं. टाळ्या पडल्या. मोठे साहेब म्हणाले, "बघा, पोरगी जमिनीवरचं बोलते." दोन महिन्यांत बॅटरी मोठी झाली. बॅटरी असते पायाखाली, ती जाड झाली तशी तळाची फळी वर आली आणि सीटही वर आली. रफिकभाईंनी तसा सांगाडा उंच केला. आहेरांनी सुतळी लावली. गाठ चार बोटं खाली राहिली.

त्यांनी साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "मंजिरी, ही माणसं गडावर कितीदा जातात गं?"

"वर्षातून एकदा. फार तर दोनदा."

"आणि बाकी वर्षभर ते ओझं पोटाशी बांधून भाजी आणायला जायचं?"

"मी काय करू सर, लोकच तसं म्हणतात."

"तू लोकांना विचारलंस किती लांब जायचं. किती वेळा जायचं, ते नाय विचारलंस."

मला राग आला होता त्यांचा. आजही त्या दिवसाचा राग येतो, फक्त आता तो माझा मला येतो.

एकदा बॅटरी वाढली म्हटल्यावर किंमत वाढली. किंमत वाढली तर गिऱ्हाइकाला दाखवायला काहीतरी हवं, म्हणून मोठा पडदा आला, काचेचं छप्पर आलं. मग एवढं सगळं एवढ्याशा गाडीत शोभेना, म्हणून लांबी वाढली. दर खेपेला रफिकभाई सांगाडा मधून कापायचे आणि नवी फळी घालायचे. "आहेर साहेब, ही गाडी हाय का रबर? किती ताणू?" आहेर म्हणायचे, "ताण बाबा. आपल्या हातात करवत हाय, पेन नाय."

कुणी दुष्ट नव्हतं हो यात. तसं असतं तर बरं झालं असतं, शिव्या तरी घातल्या असत्या. मोठे साहेबही थकलेलेच असायचे. एकदा जिन्यात म्हणाले, "आहेर, लहान गाडी मला नकोय का? पण बॅटरी काही गाडी लहान आहे म्हणून दया करत नाही. मोठ्या गाडीत तिचा खर्च लपतो. लहान गाडीत लपायला जागाच नाही. विकली नाही तर कारखान्याचं काय?" खरंच होतं ते.

लहान गाडीच्या सीटचे सांगाडे स्वस्तात कोण करून देईल म्हणून आम्ही दोघं सिन्नरला एका कारखानदाराकडे गेलो होतो. तो म्हणाला, "किती गाड्या काढणार ते लिहून द्या, उद्या मशीन घेतो." आहेर म्हणाले, "तुम्ही भाव लिहून द्या, उद्या गाड्या काढतो." दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि चहा प्यायले. येताना आहेर म्हणाले, "दोघं दारात उभे हायेत, तुम्ही आधी, नाय नाय तुम्ही आधी. आणि आत ताट गार होतंय."

दर वर्षाच्या शेवटी एकच वाक्य यायचं, पुढच्या वर्षी बघू. गाडी बंद केली असं कुणी कधीच म्हणालं नाही. म्हटलं असतं तर आहेर एक दिवस रडून मोकळे झाले असते, जुनीपानी काहीतरी सोय पाहिली असती. पण बंद नाही ना, पुढे ढकलली. घरी जाऊन ते नलूवहिनींना सांगायचे, "पुढच्या वर्षी बघू म्हणतात." अशी सात वर्षं गेली. या सात वर्षांत वहिनी घर, शिवणक्लास आणि दवाखाना एवढ्याच गावात राहिल्या.

शेवटी विजेची गाडी आली. मोठी, रुबाबदार, रस्त्यावरून गेली की लोक वळून बघतील अशी. लहान गाडीचीच वाढत वाढत ती झाली होती, हे आम्हा चौघापाचांनाच माहीत. घरच्यांना बोलावून कारखान्याच्या आवारात एकेका कुटुंबाला फेरी मारून आणायचं ठरलं. आहेरांच्या निवृत्तीला तेव्हा महिना राहिला होता. त्यांनी वहिनींना आणलं. वहिनींनी नवी पैठणी नेसली होती.

गाडी समोर येऊन थांबली. दार उघडलं. सीट वहिनींच्या कमरेच्याही वर आली. त्यांनी हात टेकवला, पाय उचलला, तो पायरीपर्यंतही जाईना. परत उचलला. मागे रांग होती. कुणीतरी स्टूल आणायला धावलं. दोन तगडी पोरं पुढे आली, म्हणाली, "काकू, आम्ही धरतो." वहिनींनी एकदम हात मागे घेतले. "नको, नको. बाहेरूनच छान दिसतेय."

मी आहेरांच्या खिशाकडे बघत होते. सुतळी खिशातच होती, टोक दिसत होतं. काढली नाही त्यांनी. बायकोच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल नलू, पेढे खाऊ." एवढंच. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. नंतर दोघं गेटबाहेर रिक्षाची वाट बघत उभी होती. मी गाडीनं सोडते म्हणायला पुढे गेले आणि माझी गाडी आठवली. ती पण उंचच.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. मला म्हणाले, "पोरी, काम चांगलं करतेस. फक्त विचारताना पुरतं विचारत जा." दीड वर्षात गेले. झोपेतच, हृदयविकारानं. त्याआधीच कंपनीनं रफिकभाईंना लाकडी गाडी मोडायला सांगितलं होतं. त्या प्लायवूडचे कँटीनमध्ये ताटं ठेवायला कप्पे झाले. लहान गाडीची फाइल माझ्या टेबलावर आली. आता दर वर्षाच्या शेवटी ते वाक्य लिहायची पाळी माझी असते, आणि मी लिहिते. थकले आहे मी, पण लिहिते. कारण बॅटरी अजून दया करत नाही आणि लोक अजून गडाचंच विचारतात.

मागच्या महिन्यात सिडकोत नलूवहिनींना भेटायला गेले. शिवणक्लास बंद झालाय. वॉकर धरून दारापर्यंत आल्या, मला जवळ घेतलं. आहेरांच्या फोटोखाली चष्म्याचं घर होतं आणि त्यावर सुतळीची गुंडाळी. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "काय गं, ती आपली लहान गाडी कधी येतेय?"

मोडली वहिनी, कप्पे केले तिचे, असं सांगायचं होतं मला. तोंडातून निघालं, "पुढच्या वर्षी बघू म्हणतात."

"हेही तसंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. मला निरोप द्यायला वॉकर ढकलत पुन्हा दारापर्यंत आल्या. मी चपला घालत होते. "आली की सांग हं मंजिरी. चांदवडला जायचं राहिलंय."

मी सांगते म्हणाले.