रोहिदास सरांचा पोटशूळ

खालापूरच्या नाक्यावर, मेडिकलच्या माडीवर रोहिदास सरांचा इंग्रजीचा क्लास एकवीस वर्षं चालला. इतक्या वर्षांत त्यांनी पोरांकडून किती वह्या भरून घेतल्या ते त्यांनाच ठाऊक, पण एक वही दुसरीपेक्षा वेगळी निघाली असेल तर शपथ! मथळा लाल शाईत, उत्तर निळ्या शाईत, डाव्या हाताला दोन बोटं समास. सर फेऱ्या मारत सांगणार, पोरं माना खाली घालून उतरवून घेणार. चुकलं की पान फाडायचं आणि पुन्हा लिहायचं. रसायनीच्या कारखान्यात पाळी करून आलेला एखादा बाप ती वही उलटीपालटी बघायचा. त्यातलं त्याला अक्षर कळायचं नाही, पण म्हणायचा, "सर, छापल्यावानी हाय!" त्या एका वाक्यावर सरांचा आठवडा निघायचा.

मग तेजश्रीने क्लास काढला. कुंभिवलीची पोरगी, सरांच्याच हाताखाली शिकलेली. बी.एड. झाली आणि घराच्या पडवीत सतरंजी टाकून बसली. पेढे घेऊन सरांच्या पाया पडायलाही आली. "चालेल गं, चांगला चालेल," सर म्हणाले आणि मनात म्हणाले, चार महिने.

चार महिन्यांत सरांची अकरा पोरं तिकडे गेली.

आता माणसाने काय करावं? सरांनी आधी हसून दाखवलं. मग ते लोकांना सांगत सुटले की तिकडच्या वह्या बघा, नुसता चिखल, खाडाखोड, शोभतं का? लोक म्हणायचे, "हो ना सर," आणि पोराला तिकडेच धाडायचे. कर्जतकडच्या फार्महाऊसवर आलेल्या पाहुण्यांशी तेजश्रीच्या क्लासातली एक पोरगी पाच मिनिटं इंग्रजीत बोलली, ही बातमी नाक्यावर आली त्या दिवशी तर सरांना जेवण गोड लागलं नाही. त्यांची पोरं पेपर झकास लिहायची, पण तोंड उघडायची वेळ आली की मुकी व्हायची. सरांना हे ठाऊक होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

त्यात घरातच वणवा लागला. आठवीतली श्रद्धा, सरांची एकुलती एक, जेवताना म्हणाली, "पप्पा, मला तेजूताईकडे जायचंय."

"खबरदार!" सर ओरडले. सरांचीच पोरगी दुसऱ्या क्लासला गेली, तर उरलेल्या अठरांनी कशाला थांबायचं? माडीला कुलूपच लावायचं ना? श्रद्धाची आई, रूपालीवहिनी, म्हणाल्या, "अहो, पोरीवर कशाला खेकसता? असं काय करते ती तेजश्री, ते तरी बघा." सरांनी ताट सरकवलं. पण ते बोलणं डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ते किशोरच्या टपरीवर चहाला गेले. किशोरचा पोरगा किरण हा त्या पळालेल्या अकरांपैकी एक. तो फळकुटावर बसून अभ्यास करत होता. "बघू रं तुजी वही," सर म्हणाले. पान मधोमध दुमडलेलं. डावीकडे शाळेत ऐकलेला नवा इंग्रजी शब्द, उजवीकडे त्या शब्दाचं आपल्या घरातलं वाक्य. खोडरबराला बंदी. चुकलं तर वर एकच रेघ, म्हणजे काय चुकलं ते नंतरही दिसावं.

"आणि रोज दहा मिनटं उजवी बाजू झाकून मोठ्यानं म्हनायचं," किरण म्हणाला. "ताई म्हंते, बास तेवडाच ग्रुहपाठ."

बास तेवढाच! सरांनी चहा तसाच ठेवला, मोबाइलवर चार पानांचे फोटो काढले आणि तडक माडी चढले.

आणि मग एकवीस वर्षांची सवय आडवी आली. मोबाइलवरचं किरणचं पान बघत सर फेऱ्या मारू लागले. "पान दुमडा. डावीकडे लिहा: उकळणे. उजवीकडे आपल्या घरातलं वाक्य. घ्या लिहून: माझे वडील पहाटे चारला चहा उकळतात. लिहिलं? आता 'पहाटे'वर रेघ मारा. वर 'सकाळी' लिहा. सगळ्यांनी मारली रेघ?"

अठरा पोरांनी आणि श्रद्धाने इंग्रजीत इमानाने उतरवून घेतलं, रेघांसकट. टेंपोवाल्याच्या पोरीचा बाप चहा उकळायला लागला, तलाठ्याच्या पोराचाही. कोणी हूं की चूं केलं नाही. या क्लासात विचारायची रीतच नव्हती.

संध्याकाळी सर वह्या तपासायला बसले. पहिली वही, चहा. दुसरी, चहा. सातव्या वहीपर्यंत त्यांचे कान तापले. काय करून बसलो आपण? एकोणिसावी वही श्रद्धाची. चहाच्या वाक्यावर तिने आडवी रेघ मारली होती आणि खाली दुसरं वाक्य लिहिलं होतं, अख्खं इंग्रजीत: माझे पप्पा चहा करत नाहीत, ते तेजूताईवर जळतात आणि राग माझ्यावर काढतात.

सरांचा लाल पेन त्या ओळीवर तीनदा फिरला. दुरुस्त करावं असं काही सापडेना.

"हे कोणी सांगितलं तुला?"

श्रद्धा दारातूनच म्हणाली, "कोणी नाय. तुम्हीच बोललात ना, घरातलं वाक्य लिहा म्हणून."

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. सोमवारी त्यांनी मोटारसायकल काढली, श्रद्धाला मागे बसवलं आणि कुंभिवलीला तेजश्रीच्या पडवीसमोर उतरवलं. नाक्यावरच्या सगळ्यांनी बघितलं, बघू दे. तेजश्री धावत बाहेर आली. "सर, आत या ना!"

"नको गं, घाई हाय," सर म्हणाले.

आणि गाडी बंद करून तासभर तिथेच बसले. आत पोरं चुकत होती, हसत होती, पुन्हा म्हणत होती. मग श्रद्धाचा आवाज आला, इंग्रजीत, खणखणीत, सगळ्यांच्या वर. हा आवाज त्यांच्याच घरात वाढला होता, आणि त्यांनी तो आज पहिल्यांदा ऐकला, तोही तेजश्रीच्या पडवीबाहेर बसून.