हरणाबाईच्या दारातली कोकची चूल

सिदूला कुणी भट्टीवाला म्हटलं की तो वरवर चिडायचा, पण आतून सुखावायचा. बेंबळीजवळच्या वाडीतलं हे मेंढपाळाचं पोर. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीनं, हरणाबाईनं, मेंढरांमागं हिंडत त्याला वाढवलं. मिसरूड फुटायच्या आत तो तामलवाडीकडं गेला आणि एका फाउंड्रीत लागला. तिथं लोखंड वितळवून पंपांचे भाग, उसाच्या चरकाची चाकं ओतत. सिदूचं काम भट्टी भरायचं. कोकचा थर, लोखंडाचा थर, जोडीला चुनखडी. पन्नाशी उलटली तरी तो तेच करत होता, आणि वाडीत आला की कोकविषयी असा बोलायचा, जसं दुसरं कुणी आपल्या बैलजोडीविषयी बोलतं.

“दगडी कोळसा बंद भट्टीत भाजतेत, हवा लागू देत न्हाईत. त्यातला धूर, डांबर समदं निघून जातंय. उरतंय ते हे,” म्हणत तो खिशातून राखाडी, भोकाभोकांचा खडा काढायचा. “वर ढीगभर लोखंड रचा, चुरा व्हत न्हाय. म्हणून तर भट्टीत वारं खेळतंय.”

“ह्याच्यावर कालवण शिजतंय का?” भावकीतला म्हातारा धुळाप्पा विचारायचा. “न्हाय तर आमाला काय उपेग?”

हशा पिकायचा. सिदूही हसायचा, पण ते त्याला लागलेलं असायचं.

हरणाबाईच्या नातवाचं, शिवराजचं जावळ ठरलं, तेव्हा सिदू एक गोणी कोक आणि वारा मारायचा एक छोटा ब्लोअर घेऊनच आला. भट्टीत वारा अडवणारे बारीक खडे मालकानं त्याला फुकटच देऊन टाकले होते.

“लाकडं राहू दे आक्का,” तो म्हणाला. “आज माझी चूल बघ.”

विटा रचल्या, कोक पेटवला, ब्लोअर सुरू केला. आग आधी लाल झाली, मग पिवळी, मग तिच्याकडं बघवेना. वर ॲल्युमिनियमचं, वाडीच्या भाषेत जर्मनचं, मोठं पातेलं चढलं. देवाला कापलेल्या बोकडाचं सगळं मटण त्यात होतं. ढवळायला हरणाबाईची सून, शिवराजची आई करिश्मा होती.

मटण आटत आलं तशी ती म्हणाली, “मामा, आच लई लागतीया. वारं कमी करा की.”

“तू ढवळ. भट्टीचं मला नको शिकवू.”

माणसं हसली. करिश्मानं पदर सारखा केला आणि ढवळत राहिली. थोड्या वेळानं करपल्याचा वास सुटला. मग पातेल्याचं बूड खाली लोंबलं, फाटलं, आणि सगळं मटण चर्र करत आगीत गेलं.

सगळ्यांआधी सिदूच्याच तोंडून निघालं, “ढवळलंच न्हाय पोरीनं. बुडाला लागू दिलं.”

हरणाबाई सुनेकडं वळली. “एवढंसं काम झालं न्हाय व्हय तुला? पै-पाहुणं दारात बसल्यात!”

करिश्मानं एकदाच सिदूकडं पाहिलं. “चुकलं, आत्या,” ती म्हणाली, आणि लाकडाच्या चुलीकडं पिठलं-भाकरीच्या तयारीला गेली.

मांडवात तिचा बाप सोमलिंग बसला होता. लेकीला सगळ्यांदेखत बोल लागल्यावर त्यानं मान खाली घातली, ती वर केलीच नाही. सिदूला त्याच्या टोपीखेरीज काही दिसेना.

“जाऊ दे सिदू,” धुळाप्पा म्हणाला. “आजकालच्या पोरी. तुझा काय दोष?”

“दोष माझाच हाय, आप्पा.”

“बघा,” धुळाप्पानं शेजारच्यांना सांगितलं, “सुनेला पाठीशी घालतोय. मन मोठं हाय माणसाचं.”

माना डोलल्या. सिदूनं पुन्हा सांगितलं, वारा आपणच जास्त ठेवला म्हणून. कुणी मानायला तयार नाही. जन्म भट्टीवर गेलेल्या माणसाला आग कळत नाही, हे कुणाला पटणार? खरं बोलावं तसा त्याचा मान वाढत चालला, आणि सोमलिंगची टोपी हलेना.

सिदू उठला. त्यानं ब्लोअर पुन्हा सुरू केला. पातेल्याचा फाटका तुकडा सांडशीत धरून पेटत्या कोकवर ठेवला. माणसं भोवती जमली. तुकडा चकाकला, खचला आणि खड्यांच्या मधून थेंब थेंब खाली उतरला.

“आता कोण ढवळत हुतं?” सिदू म्हणाला. “लोखंडाचं पाणी करणारी आग हाय ही. जर्मन तिच्यापुढं कसं टिकंल? हे मला कळाय पाहिजे हुतं. पोरीनं सांगितलं, तर तिचं हसं केलं. वर पातेलं फुटल्यावर तिच्यावरच ढकललं.”

आता तरी माणसं हसतील, असं त्याला वाटलं होतं. हसली असती तर बरं झालं असतं. धुळाप्पा दुसरीकडं बघू लागला.

“बंद कर ते यंत्र,” हरणाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “बारका हुतास तवा मेंढरू गमावून आलास, तरी माझ्याम्होरं खोटं बोलला न्हाईस. आन् आज माझ्या सुनेवर?”

सिदू चुलीपाशी गेला. करिश्मा भाकरी थापत होती. “पोरी...” त्यानं सुरुवात केली.

“मामा, पंगत बसली,” ती वर न बघता म्हणाली. “पिठलं वाढता का?”

तो वाढायला निघाला. सोमलिंगपाशी येताच तो थांबला. सोमलिंगनं ताट पुढं केलं. “आमच्याकडं बी पोर अशीच हुती,” तो हळूच म्हणाला. “लागलं तरी बोलायची न्हाय.”

पंगतीच्या त्या टोकाकडून “पिठलं आणा, पिठलं!” अशा हाका सुरू झाल्या होत्या. सिदू भरलेली पळी हातात धरून सोमलिंगसमोर तसाच वाकून उभा होता.