पिंगल्टनला शोधणाऱ्या आक्का

“कोण हाय रे हा पिंगल्टन? उभा कर त्याला माझ्यासमोर!”

लिंकआक्का ओरडत होत्या आणि विद्यापीठाच्या उपकेंद्राचं अख्खं ग्रंथालय श्वास रोखून बसलं होतं. त्यांचा आवाज असा, की त्या बीडमध्ये ओरडल्या की मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ट्रकवाले दचकून हँडब्रेक ओढत. त्या दिवशी टेबलासमोर मी उभा होतो. हातात साडेतीनशे पानांचा प्रबंध, विषय आठवडी बाजार. नोंदणीची मुदत शुक्रवारी संपणार होती आणि तो मंगळवार होता. वाङ्मयचौर्य तपासणीच्या प्रमाणपत्रावर आक्कांची सही झाल्याशिवाय प्रबंध जमा होत नसे, आणि जमा झाला नाही तर माझी सहा वर्षं पाण्यात जाणार होती. आक्का सही करत नव्हत्या.

हुद्द्यानं त्या सहायक ग्रंथपाल. टेबलावर पाटी होती, ‘ऑनलाइन संशोधन साहाय्य’. पण जिल्ह्यात त्यांना कुणी हुद्द्यानं ओळखत नसे. पहाटे कोंबड्याच्या आधी विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर त्यांनी शोधलेल्या लेखांच्या लिंका येऊन पडायच्या, म्हणून लिंकआक्का. ग्रंथालयातलं इंटरनेट असं होतं, की एखादा लेख उघडायला टाकून माणसानं पाटोद्याला जावं, म्हैस बघावी, भावात बसत नाही म्हणून परत यावं, तरी पान अर्धंच उतरलेलं असायचं. त्या अर्ध्या पानावरूनच आक्का सांगायच्या, “ह्यात तुझं काही न्हाई. दुसरा बघू.” आणि खरंच त्यात काही नसायचं.

विद्यार्थ्यांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. त्या गावानं हाक मारायच्या. मी पाटोदा. माझ्यामागे रांगेत गेवराई, धारूर, केज उभे असत. नव्या विद्यार्थ्याला आधी एका वाक्यात प्रश्न सांगावा लागे, तोवर की-बोर्डला हात लावायची बंदी.

“आक्का, माझा विषय ग्रामीण विकास हाय,” धारूर म्हणाला.

“तो विषय न्हाई, पंचायत समितीचं खातं हाय. तुला माहीत काय करून घ्यायचंय ते सांग.”

धारूरला वाक्य सापडायला दोन सत्रं लागली. पुढं मात्र त्याचा प्रबंध सर्वांत आधी झाला.

आक्कांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. “गिऱ्हाइकाला डबा उघडून दाखवल्याबगर आमच्या दादांनी कधी माल तोलला न्हाई,” असं त्या सांगत. हाच कायदा त्यांनी संदर्भसूचीला लावला होता. विद्यापीठाच्या नियमांत तो कुठंही नव्हता. प्रबंधात ज्याचं नाव घेतलं, त्याचा लेख त्यांच्यासमोर उघडून दाखवायचा. मी एकशे नव्वद संदर्भ उघडून दाखवले. एकशे एक्क्याण्णवावा पिंगल्टन.

हा पिंगल्टन म्हणे इंग्रज. आपल्या भागात येऊन त्यानं सिद्धांत मांडला होता की बैलगाडी दिवस मावळायच्या आत घरी पोचेल, तेवढ्याच अंतरातली गावं एका आठवडी बाजाराला येतात. आमच्या विभागात त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे.

“तू वाचलास?” आक्कांनी विचारलं.

“आमच्या सरांच्या प्रबंधातून घेतलाय.”

“मी डबा दाखव म्हणते, तू दुकानाची पाटी दाखवतोस!”

त्यांनी जगातले सगळे डेटाबेस पालथे घातले. पिंगल्टन नव्हता. इंग्लंडातल्या एका ग्रंथालयाच्या मदतखिडकीवर त्यांनी थेट निरोप टाकला. तिथल्या बाईंनी बुधवारी कळवलं, क्षमस्व, त्या नियतकालिकात असा लेख नाही. आक्का खूश झाल्या. “बघ, प्रामाणिक हाय बाई. न्हाई तर न्हाई म्हणली.” मग प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात शोधलं, तर पिंगल्टन अकरा प्रबंधांत निघाला. प्रत्येकानं आधीच्यावरून उतरवला होता. सगळ्यांत जुना प्रबंध आमच्या सरांच्या सरांचा.

सरांना बोलावणं गेलं. सर घाम पुसत म्हणाले, “आक्का, पिंगल्टन काढला तर माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण कोसळतं.”

“कोसळू द्या की. खाली कोण बसलंय?”

सरांचे सर उमापूरला असत. वय ऐंशीच्या पुढं. आक्कांनी त्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“सर, तो पिंगल्टन कुठं भेटंल?”

पलीकडून आवाज आला, “कुणीतरी इचारलं म्हणायचं. लई वर्षं वाट बघितली.”

“म्हंजी?”

“म्हंजी मीच की तो. वर्षभर दर बाजारी वेशीत बसून गाडीवाल्यांना इचारायचो, कुठून आलाव, कवा निघणार. गाईडला सांगितलं, मी डोळ्यानं बघितलंय. ते म्हणले, तू कोण? विदेशी संदर्भ आण. मंग आणला.”

आमचे सर खुर्चीत बसले. आक्का गप्प झाल्या. त्या गप्प झालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या, बहुधा मांजरसुंब्यालाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असेल.

“सर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “वह्या ठिवल्यात का?”

“पेटीत हायत.”

गुरुवारी सकाळच्या एसटीनं आक्का मला घेऊन उमापूरला गेल्या. सात वह्या निघाल्या. बाजार, तारीख, गाव, बैलांचा रंगसुद्धा. आक्कांनी प्रत्येक पान मोबाइलवर घेतलं, संध्याकाळी ग्रंथालयाच्या ऑनलाइन संग्रहात चढवलं, वर म्हाताऱ्या सरांचं नाव घातलं. ते चढायला अख्खी रात्र लागली. शुक्रवारी सकाळी मी पिंगल्टन खोडून उमापूरच्या सरांचं नाव लिहिलं आणि लिंक उघडून दाखवली. आमच्या सरांचं तिसरं प्रकरण जागचं हललं नाही. आक्कांनी सही केली आणि म्हणाल्या, “जा आता, पळ. पाच वाजता खिडकी बंद करतेत.”

आता मी शिकवतो. विद्यार्थ्यानं मोठं नाव घेतलं की माझ्या तोंडून ‘उघडून दाखव’ निघतं, तेही मांजरसुंब्याला ऐकू जाईल असं. ग्रंथालयाच्या वेबसाइटवर आक्कांच्या जागी चॅटचा एक चौकोन आलाय. त्यात प्रश्न टाकला की तो गोड बोलतो आणि कुणालाही, कसलाही संदर्भ देतो. ओरडत मात्र नाही.

आक्कांच्या निरोप समारंभाला उमापूरचे सर आले होते. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. चहाच्या वेळी आक्का त्यांच्या शेजारी बसल्या.

“सर, जायच्या आधी एक काम उरकलं. त्या अकराही प्रबंधांच्या ऑनलाइन नोंदीखाली टीप लावली. असा कुणी माणूस नव्हता, म्हणून.”

सरांनी बिस्कीट बुडवलं, नीट खाल्लं, धोतराच्या सोग्याला बोटं पुसली.

“बरा माणूस होता,” ते म्हणाले.